दोघांची गस्त

शनिवार, ७ डिसेंबर २०२४
हिरडाटोला

प्रिय दीपाली,

आज सकाळी चारला उठले. पाणी तापवलं आणि त्यात पंधरा-वीस मिनिटं हात बुडवून बसले. चहा, दोन बिस्किटं, गोळ्या. वर्दीची बटणं लावायला नेहमीसारखा वेळ लागला. साडेसहाला वनमजूर रामाजींबरोबर गस्तीला निघाले, दुपारी एक वाजून दहा मिनिटांनी परत आले. नऊ किलोमीटर झाले. काही वाईट घडलं नाही. जेवून तासभर पडले. आता चार वाजले आहेत, क्वार्टरच्या पायरीवर ऊन आहे, तिथे बसून लिहिते आहे.

अक्षर पाहून दचकू नकोस, माझंच आहे. पेनाला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आहे, म्हणजे धरता येतो. फोन केला असता तर मी मध्येच थांबले असते, तू "बोला ना ताई" म्हणाली असतीस आणि मी दुसरंच काही बोलून फोन ठेवला असता. म्हणून पत्र.

सोमवारी कामावर हजर झाले. तुझे बाबा गेल्यावर मी रजेवर गेले, ती आठ महिन्यांनी आले. पाच दिवस साहेबांनी ऑफिसात रजिस्टर लिहायला बसवलं आणि आज पहिल्यांदा बीटवर, म्हणजे माझ्या वाट्याच्या जंगलात, पाठवलं. तुला वाटत असेल, इंदुताई अकरा वर्षं वनरक्षक आहे, तिला जंगलाची काय भीती. आधी नव्हती. आता पान वाजलं तरी मान वळते. हातात काठी असते, पण मूठ आवळत नाही, काठी नुसती हातात ठेवलेली असते. पळता येणार नाही, झाडावर चढता येणार नाही. ओरडता तेवढं येईल. पण आज सगळ्यात जास्त भीती मला जनावराची वाटली नाही, रामाजींच्या एका वाक्याची वाटली. ते पुढे लिहिते. आधीचं आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर तुला कळणार नाही.

तुझी आई परवा संध्याकाळी मूल गावच्या बाजारात भेटली. बरी आहे. धानाची कापणी झाली, चुरणा, म्हणजे मळणी, बाकी आहे म्हणाली. माझे हात हातात घेऊन भर बाजारात चोळत बसली. "बाई, हे बोटं होत का हळकुंडं? दीपालीचा बाप असता तं रोज तेल लावून देला असता," म्हणाली. वर जवसाच्या चटणीचा डबा दिला, आणि मला उघडता यावा म्हणून त्याचं झाकण आधीच सैल करून दिलं. मी तो अजून उघडलेला नाही.

माझं दुखणं तू पाहिलं आहेस, पण मी ते नीट कधी सांगितलं नाही. दोन वर्षांपूर्वी पोळ्याच्या सुमारास उजव्या हाताची दोन बोटं सुजली. मग दोन्ही मनगटं, मग पावलं. नागभीडला आईकडे गेले तर तिनं बिब्बा घातला. त्याचे डाग अजून आहेत. शेजारच्या बाई म्हणाल्या वात आहे, थंडी गेली की जाईल. थंडी गेली, वात गेला नाही. किती तरी महिने असेच काढले आणि शेवटी नागपूरला दाखवलं. रक्त तपासून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा म्हातारपणाचा संधिवात नाही, यात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं. बरा होत नाही, ताब्यात ठेवावा लागतो. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, दर दोन महिन्यांनी रक्त तपासायचं. सकाळी उठल्यावर अंग लाकूड झालेलं असतं आणि नऊ-दहाला हळूहळू सुटतं. दहानंतर मला कुणी पाहिलं तर त्याला वाटेल ही बाई सकाळी ढोंग करते. डॉक्टरीणबाईंनी तेव्हाच बजावलं होतं, "कामावर सांगा. लपवून काम कराल तर कुणाला तरी इजा होईल." मला वाटलं, इजा म्हणजे मलाच.

मी सांगितलं नाही. चार महिने रजा घेतली होती, ती तापाची आणि अशक्तपणाची म्हणून. या जानेवारीत हजर व्हायचं होतं तेव्हा फिटनेसचा दाखला लागला. तो आणायला मी मुद्दाम दुपारी गेले. दुपारी माझी मूठ मिटते. साहेबांनी दाखला पाहिला, मला पाहिलं आणि म्हणाले, "मॅडम, बीट झेपणार नसेल तर आत्ताच सांगा, मी वर कळवतो." वर कळवणं म्हणजे मेडिकल बोर्ड, आणि बोर्ड म्हणजे अनफिट, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं, नागभीडला आईच्या दारात सामान घेऊन उभी आहे, एवढं सगळं मला त्या टेबलासमोर उभं असताना दिसलं. भरती झाले तेव्हा "बाई काय बीट सांभाळणार" म्हणणारे अजून इथेच आहेत. मी म्हटलं, "झेपेल सर."

झेपत नव्हतं. हे फक्त माझ्या बीटचे वनमजूर म्हणून रोज सोबत असणाऱ्या तुझ्या बाबांना कळलं, तेही मी न सांगता. हजर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आमच्या तपासणी नाक्याच्या मागे बसून बुटांच्या नाड्या ओढत होते. ते आले, खाली बसले, नाड्या बांधल्या, उठले. "चला," म्हणाले, एवढंच. पुढे ते रोजचंच झालं, तसे चिडवायलाही लागले. "वाघाले थांब म्हणू का बाई? म्हणतो, जरा दम धर बाबा, बाईचे बूट बांधून राह्यलो." बाटलीचं झाकण, नाक्याचं कुलूप, हातपंप, सगळं त्यांच्याकडे गेलं. मी कधी आभार मानले नाहीत. मला लाज वाटायची, आणि ती त्यांना दिसायची, म्हणून ते दुसरीकडे पाहत पाहत माझी कामं करायचे. आता मी चेनचे बूट घेतले आहेत. वर्दीवर चालत नाहीत, पण अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

आमचा एक नियम होता, त्यांनीच मला शिकवलेला. जंगलात दोघांनी जायचं आणि बोलत जायचं. अस्वलाला नीट दिसत नाही, ऐकूही फार येत नाही. माणूस एकदम समोर आला की ते घाबरून अंगावर येतं. दुरून आवाज कानावर पडला तर स्वतःच बाजूला होतं. म्हणून पुढचा माणूस काठीनं बुंधे ठोकत जातो आणि दोघं गप्पा मारतात. तू म्हणायचीस, बाबा घरात तोंड उघडत नाहीत. गस्तीवर ते तीन-तीन तास बोलायचे, आणि बहुतेक तुझ्याबद्दलच. तुझे बारावीचे मार्क आमच्या बीटातल्या एकेका अस्वलाला पाठ असतील. भरतीच्या मैदानावर तू आठशे मीटर किती वेळात पळालीस, तेही. "पोरगी वाघाले नाई भेत, गणिताले भेते," असं म्हणून स्वतःच हसायचे. मी फार बोलणारी नाही. मी मध्ये मध्ये हं म्हणायची, की ते पुढे चालू.

मार्च लागला की गस्त पहाटे सहाला असते, उन्हाच्या आधी. गस्तीचं ॲप मोबाइलमध्ये असतं. तो खिशात घेऊन जितकं फिराल तितकी रेघ नकाशावर उमटते, आणि तीच आमची हजेरी. रेघ कमी पडली की साहेबांचा फोन येतो. माझी पावलं आठ वाजेपर्यंत जमिनीवर टेकत नव्हती. तीन-चार दिवस रेघ कमी पडली, दोनदा फोन आला. मग एक दिवस तुझ्या बाबांनीच मोबाइल मागितला. म्हणाले, "तुमी बसा, मी फिरवून आनतो."

नाही. असं नाही झालं. आठ महिने मी स्वतःला हेच सांगत आले आणि आत्ता कागदावरही तेच उतरलं. खोडत नाही, तुला दिसू दे. मोबाइल त्यांनी मागितला नव्हता, मी दिला. म्हटलं, "पोचूभाऊ, आज पाऊल उचलत नाही. हा घेऊन एक चक्कर मारता का? नुसता खिशात ठेवा." त्यांनी मोबाइल हातात घेतला. "एकट्यानं?" म्हणाले. मी म्हटलं, लवकर या. ते गेले. दुसऱ्या दिवशी मला तोंडानं मागावं लागू नये म्हणून त्यांनी स्वतःच हात पुढे केला, आणि तेवढं धरून मी त्यांनी मागितला म्हणत आले. असे अकरा दिवस झाले. कागदावर मी रोज आठ-नऊ किलोमीटर चालत होते. मीटिंगमध्ये साहेबांनी माझं नाव घेतलं, बाई बघा आजारातून उठून कशा फिरतात म्हणून. तुझे बाबा बाहेर दारात उभे होते. माझ्याकडे पाहून त्यांनी डोळे मिचकावले.

होळी होऊन तीन दिवस झाले होते. अठ्ठावीस मार्च, गुरुवार. सव्वासहाला ते निघाले. मी नाक्याच्या खोलीत गरम पाण्यात हात घालून बसले. नऊ वाजले तरी आले नाहीत. मला राग आला, हेही लिहिते. वाटलं, बसले कुठेतरी बिडी ओढत, इकडे रेघ थांबली असेल. साडेनऊला मोह वेचणाऱ्या बाया धावत आल्या. नाल्याच्या वळणावर अस्वल होतं, पिल्लं होती सोबत. पुढचं तुला माहीत आहे, तू पाहिलंस. तुला माहीत नाही ते एवढंच, की त्या दिवशी ते गप्प चालत होते. एकटा माणूस कुणाशी बोलणार.

पंचनाम्याच्या वेळी राउंड ऑफिसरनी विचारलं, "तुम्ही सोबत होता ना?" मी हो म्हटलं. "मग हा इकडे नाल्यात कसा?" त्या बाया शेजारीच टोपल्या घेऊन उभ्या होत्या, टोपल्यांत मोह होता. मी म्हटलं, मी पाणवठ्यावर थांबले होते, तो मोह वेचायला गेला. माझी पिशवी त्याच्याकडे होती, मोबाइल पिशवीत होता. कुणी मला हे सुचवलं नाही. सगळं माझंच. त्यांनी लिहून घेतलं आणि मी खाली सही केली. दुपार झाली होती, हात सुटला होता. सही चांगली आली.

तेरवीला तू मला म्हणालीस, "ताई, आईनं नाई म्हटलं होतं मोहाले. टोपलीभर मोहासाठी गेला माहा बाप." तू रडत नव्हतीस, चिडली होतीस. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तुझ्या आईनं त्यानंतर घरात मोहाचं फूल येऊ दिलेलं नाही. सप्टेंबरमध्ये वनशहीद दिनाला ऑफिसात नावं वाचली, त्यात त्यांचं नव्हतं, कारण कागदावर ते काम सोडून गेले होते. हे मला रामाजींकडून कळलं. तू घरात त्यांचा फोटो लावू देत नाहीस, हे परवा बाजारात तुझ्या आईनं सांगितलं. "पोरगी बापावर रागावून हाय अजून," असं म्हणत होती आणि माझी बोटं चोळत होती.

रजेत मी बरी होते असं नाही आणि फार आजारी होते असंही नाही. गोळी बदलली, सूज उतरली. लोकांना वाटलं बाईंनी धसका घेतला. धसका होताच. पण मी करत काय होते, तर ती रेघ पाहत होते. ती अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. सात वीसला ती नाल्यापाशी थांबते. मग सात चाळीसपासून आठपर्यंत ती बैलगाडीच्या वाटेकडे साठ-सत्तर पावलं सरकते. मग थांबते, ती बाया येईपर्यंत. हे तुला सांगावं की नाही ते मला कळत नव्हतं. तेवढं अंतर ते कसे आले असतील ते तुलाही आता डोळ्यांसमोर येईल, आणि ते मी आणलं. पण अर्धं सांगून अर्धं ठेवणं मला आता जमत नाही. मी सोबत असते तर या हातांनी अस्वल हाकललं नसतं. वाटेवर जाऊन हाक तरी मारली असती.

आता आजचं. रामाजी तुझ्या बाबांच्या जागेवर आले आहेत, पंचावन्नच्या आसपासचे, शांत. थंडीत माझं अंग जास्त आखडतं. सागाच्या रोपवनापर्यंत, म्हणजे जेमतेम दीड किलोमीटरला, आठ वाजले. मला पुढे जाववेना, मी दगडावर बसले. रामाजींनी इकडेतिकडे पाहिलं आणि हात पुढे केला. "मॅडम, मोबाईल द्या. तुमी बसा इथीच, मी फिरून येतो. पोचू नेत होता तसाच." मी मान वळवून मागच्या वाटेकडे पाहिलं. "काऊन भेता? आमा मजुरायले सबनले माहीत हाय. कोनी काई बोलत नाई." ते चांगल्या मनानं म्हणत होते. दीपाली, माझा हात खिशात गेला होता. मोबाइल बोटांत आला होता. मला पायांचा ठणका दिसत होता, साहेबांचा फोन दिसत होता, आणि अजून सात-साडेसात किलोमीटर. तुझे बाबा त्या क्षणी मला आठवलेसुद्धा नाहीत. ते मोबाइल हातात आल्यावर आठवले. आठ महिने रडून, झोप घालवून मी परत त्याच जागी पोचले होते, पहिल्याच दिवशी. एवढी भीती मला त्या नाल्यावरही वाटली नव्हती.

मी मोबाइल खिशात ठेवला. म्हटलं, दोघं जाऊ, हळू जाऊ. "मंग संध्याकाळच होते," ते म्हणाले. म्हटलं, होऊ द्या. उठले आणि विचारलं, तुम्हाला मुलं किती? "कायले?" म्हणाले. म्हटलं, बोलत चालायचं आहे. दोन मुली निघाल्या आणि एक जावई निघाला. जावई दुसऱ्याची मोटारसायकल घेऊन फिरतो आणि पेट्रोल सासऱ्याला मागतो. त्या जावयाला शिव्या देत देत आम्ही अख्खं बीट फिरलो. नाल्याच्या वळणावर मात्र रामाजी गप्प झाले, तेव्हा मी बोलले. तुझं आठशे मीटरचं सांगितलं, मोठ्यानं.

सोमवारी मी साहेबांना दोन कागद देणार आहे. एक माझ्या दुखण्याचा, नागपूरच्या सगळ्या रिपोर्टांसकट, आणि सकाळची गस्त मला होत नाही, जे होईल ते काम द्या, असा. दुसरा अठ्ठावीस मार्चचा, खरा, सोबत ती रेघ. मग चौकशी लागेल. मला ठेवतील की काढतील ते माहीत नाही. खूप भीती वाटते, आणि हे लिहून ती कमी झालेली नाही. पण साहेबांच्या टेबलावरून गावात आणि गावातून तुझ्यापर्यंत जायच्या आधी तुला हे माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. तुझे बाबा मोहासाठी गेले नव्हते. त्यांच्याजवळ टोपली नव्हती, फडकंही नव्हतं, त्या बायांना विचार. ते कामावर होते, माझ्या कामावर. त्यांच्यावरचा राग काढून घे. तो कुणावर ठेवायचा ते तुला कळेल. तुमच्या गावची रीता उद्या सकाळच्या गाडीनं ब्रह्मपुरीला परत जाते आहे, तिच्या हाती पाकीट देते, दुपारपर्यंत तुला मिळेल. त्या वेळी मी तुझ्या आईसमोर बसलेली असेन. पायरीवरचं ऊन गेलं. आजची वर्दी बादलीत भिजते आहे, ती आता धुवून घेते. पिळता येत नाही, म्हणून तशीच दोरीवर टाकते आणि गळणाऱ्या पाण्याखाली बादली सरकवते.

तू ठेवशील तर तुझीच,
इंदुताई